विभागवार एआय प्रशिक्षण न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
पुणे कार्यालय

विषय: कराराप्रमाणे विभागवार प्रशिक्षण न मिळाल्याबद्दल आणि कर्मचाऱ्यांच्या नावांची साप्ताहिक यादी ताबडतोब बंद करण्याबद्दल.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात वाहनांचे सुटे भाग तयार होतात. परचेस, स्टोअर, क्वालिटी, अकाउंट्स, मेंटेनन्स आणि एचआर या विभागांतल्या लोकांना रोजच्या कामात एआय वापरता यावे म्हणून आम्ही तुमच्याकडून टूलची लायसन्स आणि प्रशिक्षण दोन्ही घेतले. ट्रेनर आधी प्रत्येक विभागात बसून तिथले काम समजून घेईल आणि मग त्याच कामावर शिकवेल, असे करारात लिहिले आहे. प्रत्यक्षात तुम्ही सगळ्यांना कॅन्टीनच्या हॉलमध्ये एकत्र बसवून एकच प्रेझेंटेशन दाखवले. स्टोअरमध्ये तुमच्यापैकी कोणी पाऊलसुद्धा टाकले नाही.

तारखा तुम्ही ठरवल्यात, महिन्याच्या १८ ते २०. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे मासिक विवरणपत्र, भरायची आमची शेवटची तारीख २० असते. १४ तारखेला २बी, म्हणजे वेंडरांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, तयार झाली की अकाउंट्सची माणसे खरेदी रजिस्टरशी एकेक बिल जुळवत बसतात, हे त्या विभागात एक तास घालवला असता तरी कळले असते. ती सगळी मागच्या रांगेत लॅपटॉपवर बिले जुळवत होती आणि पडद्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा ईमेल कसा लिहून घ्यायचा ते चालले होते. न जुळलेल्या बिलांची कारणे वेगवेगळी लावणे, वेंडरला पाठवायच्या पत्रांचे मसुदे करून घेणे, हे त्यांना शिकवले असते तर त्याच दिवशी उपयोगी पडले असते.

स्टोअरमधल्या आमच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याने हॉलमध्ये एक प्रश्न विचारला. मालासोबत येणाऱ्या चलानावर मालाचे वर्णन एक असते, आमच्या सिस्टीममध्ये दुसरे. ते जुळवायला हे उपयोगी पडेल का? त्या संपूर्ण प्रशिक्षणातला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. तुमच्या ट्रेनरने सांगितले, "आधी इंग्लिशमध्ये टाइप करायला शिका, मग बघू." पुढच्या रांगेतले काही जण हसले. त्यानंतर आमच्या या सहकाऱ्यांनी तोंड उघडले नाही. पुढे मी त्यांच्या शेजारी बसून हाच प्रश्न टूलला मराठीत विचारला. त्याने वर्णनांच्या जोड्या लावून दिल्या, बऱ्याच बरोबर होत्या, काही साफ चुकल्या होत्या. चुकलेल्या जोड्या या माणसाने नजर टाकताच वेगळ्या काढल्या, कारण कोणता बोल्ट कुठल्या रॅकवर असतो हे त्यांना झोपेतही सांगता येते. एआय वापरायला अशीच माणसे लागतात. तुम्ही नेमके त्यांनाच गप्प केले.

सर्वांत मोठे नुकसान क्वालिटीत झाले आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. ग्राहकाकडून माल रिजेक्ट झाला की आम्हाला ८डी रिपोर्ट, म्हणजे तक्रार सोडवण्याच्या आठ पायऱ्यांचा अहवाल, द्यावा लागतो. त्यातली चौथी पायरी मूळ कारण शोधण्याची. त्यासाठी मशीनपाशी जावे लागते, मशीनवरचे कटिंग टूल किती झिजले ते पाहावे लागते, त्या शिफ्टच्या ऑपरेटरशी बोलावे लागते, लॉटमधले भाग पुन्हा मोजावे लागतात. तुमच्या ट्रेनरने हॉलमध्ये दोन ओळींच्या तक्रारीवरून संपूर्ण ८डी "एका क्लिकवर" तयार करून दाखवला आणि टाळ्या घेतल्या. या एआय टूलने आमचे मशीन कधी पाहिलेले नाही, माहिती नसेल तिथे ते पटेल असे काहीही रचते, हे एका वाक्याने सांगितले नाही. नंतर आमच्या एका तरुण सहाय्यकाने शिकवले होते तसेच केले. रिपोर्टमध्ये कूलंटची तीव्रता कमी झाल्याचे आणि ऑपरेटरने तपासणी टाळल्याचे छापून आले. दोन्ही गोष्टी कोणी तपासलेल्या नव्हत्या. चाकणच्या ग्राहकाने कूलंट तपासणीची नोंद मागितली, ती देता आली नाही, आणि बंद होत आलेली तक्रार पुन्हा उघडली. ज्या ऑपरेटरने काही चूक केली नव्हती त्याचा दोष ग्राहकाच्या कागदावर गेला. तो मागे घ्यायला आमच्या प्लांट हेडना स्वतः चाकणला जावे लागले. हा मुलगा शिकलेलेच करत होता, म्हणून मी त्याच्यावर कोणतीही कारवाई होऊ दिलेली नाही.

दुसरी गंभीर बाब. सरावासाठी ट्रेनरने लोकांना मोबाइलवरच्या स्वतःच्या फुकट खात्यात ग्राहकाचे ड्रॉइंग टाकायला लावले. ते ड्रॉइंग गोपनीयतेच्या करारात येते. बऱ्याच फुकट खात्यांत आपण सेटिंग बंद केल्याशिवाय संभाषणे मॉडेल शिकवायला वापरली जाऊ शकतात, हे तुमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असायलाच हवे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी चॅटजीपीटीत कंपनीचा कोड टाकल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा टूलवर बंदी घातली. ही बातमी जगभर छापून आली होती. आम्ही पैसे भरून घेतलेली लायसन्स हाताशी असताना फुकट खाती उघडायला लावण्याचे कारण मला लेखी हवे आहे. एचआरच्या सरावात तर हजेरीपत्रकच वापरले गेले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्यातला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो.

आता त्या यादीबद्दल. तुमचा डॅशबोर्ड दर सोमवारी कोणी किती वेळा लॉगिन केले ते मोजतो आणि कमी लॉगिन असलेल्यांची नावे लाल रंगात सगळ्या विभागप्रमुखांना जातात. पहिल्याच दिवशी ट्रेनरने सांगितले होते की एआय तुमची नोकरी घेणार नाही, एआय वापरता येणारा माणूस घेईल. त्यापाठोपाठ ही यादी आली. लोकांनी तिचा एकच अर्थ लावला, की ही कपातीची तयारी आहे. आता काही जण सकाळी लॉगिन करून काहीतरी विचारतात आणि बंद करतात. तुमच्या अहवालात वापर वाढलेला दिसतो. भीतीने केलेल्या या लॉगिनला तुम्ही अवलंब म्हणता, हे मला मान्य नाही. ज्या मेंटेनन्सवाल्याने मराठीत लिहिलेल्या ब्रेकडाउनच्या नोंदींवरून वारंवार येणारे बिघाड शोधून काढले, त्याचे नाव याच लाल यादीत आहे, कारण तो आठवड्यातून एकदाच, शनिवारी बसतो.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. यादी या सोमवारपासून बंद करा. प्रत्येक विभागात ट्रेनर बसवून, त्या विभागाच्या खऱ्या कामावर, मराठीत पुन्हा प्रशिक्षण द्या. अकाउंट्ससाठी तारीख २० नंतरची घ्या. टूलमध्ये काय टाकायचे नाही आणि कोणते उत्तर माणसाने तपासल्याशिवाय बाहेर पाठवायचे नाही, याचे विभागवार एक पान मराठीत द्या. फुकट खात्यांत गेलेली ड्रॉइंग आणि हजेरीपत्रके काढून टाकायला तुमचा माणूस पाठवा. हे होईपर्यंत शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर करारातल्या तरतुदीप्रमाणे प्रशिक्षणाची भरलेली रक्कम आम्ही परत मागू.

भेटीला याल तेव्हा ट्रेनरलाही आणा. आमच्या बाजूने माझ्यासोबत स्टोअर आणि क्वालिटीची माणसे बसतील, आणि ती मराठीतच बोलतील.

कळावे.

आपली विश्वासू,
मनुष्यबळ विभाग प्रमुख,
अंबड, नाशिक

सोबत: कराराची प्रत, ८डी रिपोर्ट, साप्ताहिक यादीचे ईमेल