आईच्या वर्षाला पंगत नको

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आईच्या वर्षश्राद्धाला गावजेवण द्यावं, नाहीतर मारुतीच्या पारासमोर तिच्या नावाची कमान बांधावी, खर्च तू करशील, असं लिहिलं आहेस. फोनवर मी हो-नाही काही बोललो नाही. शेजारी तुझी आत्या बसली होती, आणि तिच्यापुढं हा विषय निघाला की अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून सावकाश लिहायला बसलो.

पंगत नको आणि कमानही नको.

तेरवीला आलू-वांग्याची भाजी, पोळी, बुंदी झाली, गाव जेवून गेलं. जनरीत होती, केली. पुन्हा वर्षाला तेच कशाला? गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कर्ज काढून तेरव्या घालू नका, हातावर भाकर घेऊन खा पण पोरं शिकवा, हे सांगण्यात त्यांची हयात गेली. १९५६ साली देहही ठेवला तो इथंच, वलगावजवळ. त्यांचा फोटो आपल्याकडं घरोघरी आहे आणि त्याच फोटोखाली बसून बुंदीचा हिशेब होतो. हे मी आत्याला म्हटलं तर ती म्हणाली, "लोकं तोंडात शेन घालतीन ना गा! बाईचं वर्ष अन् गावाले घासभर अन्न नाही?" घालू दे.

तुझा मामा तुला किती आठवतो ठाऊक नाही. तो गेला तेव्हा तू चौथीत होतास. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं. घरच्यांना कळलं तेव्हा तो तीन वर्षांचा झाला होता. पोराच्या मागं बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली तरी ते वळत नाही, हे तुझ्या आजीच्या ध्यानात आलं. मग अंगारे-धुपारे झाले, शाळा झाली नाही. आजोबा गेल्यावर तुझी आई त्याला इकडं घेऊन आली. बैलं त्याच्यावर सोपवावीत आणि आपण निवांत निजावं, असा माणूस.

त्या दोघांची बोली त्यांची त्यांनीच केलेली. मला तो मिशीवर पीळ देऊन दाखवायचा, तुला भुवईवरच्या वणावरून. आणि आईची खूण म्हणजे पाच बोटं एकत्र करून तोंडाशी न्यायची आणि भुवया उचलायच्या. "जेवलास का?" वावरातून आल्यावर ती रोज त्याला तेच विचारायची, म्हणून त्याच्या लेखी तिचं नावच ते. पण ही बोली आपल्या अंगणापुरती. बाहेर त्याला बोलायला माणूस नव्हता. आता दिल्लीच्या सांकेतिक भाषा संशोधन केंद्रानं भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश केला आहे, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ दिसतात. मी रात्री पाहत बसतो. या वयात बोटं वळत नाहीत, तरी काही खुणा जमतात.

मामा गेल्यावर पहिल्या पितृपक्षात आई तालुक्याच्या मूकबधिर निवासी शाळेत गेली. वडे आणि खीर घेऊन. तिथल्या अधीक्षक बाई हात जोडून म्हणाल्या, "ताई, या पंधरा दिवसांत कुणाचे ना कुणाचे वडे रोज येतात. कधी एकाच दिवशी तीन घरची खीर. पोरांची पोटं बिघडतात. जूनमध्ये मात्र कुणी फिरकत नाही." आईनं विचारलं, मग काय आणू? बाई म्हणाल्या, बॅटऱ्या.

तेव्हापासून चिंचेचे आणि दुधाचे पैसे ती वेगळे ठेवायची ते त्यासाठी. मला वाटायचं बांगड्या मोडून नव्या करायच्या असतील. कानामागं लावायच्या, ऐकू येण्याच्या यंत्राची बॅटरी गोळीएवढी असते. तिच्या पाठीवर रंगीत कागद चिकटवलेला, तो सोलला की आत हवा जाते आणि बॅटरी जागी होते. एकदा जागी झाली की यंत्र लावा नाहीतर काढून ठेवा, ती उतरतच राहते. जोरकस यंत्राला आठ-पंधरा दिवसांत दुसरी लागते. शिबिरात यंत्र मिळतं, फोटो निघतो, पेपरात येतो. पुढच्या बॅटऱ्या बहुतेक ज्याच्या त्यानं बघायच्या. ज्याचा बाप मजुरीला जातो त्याचं यंत्र मग पेटीत पडून राहतं. आणि ज्याला बापच नाही त्याचं तर विचारूच नको.

दुसरी गोष्ट मोल्डची. यंत्रातला आवाज कानात सोडणारा तो कानाच्या मापाचा तुकडा. पोर वाढतं तसा कान वाढतो, मोल्ड ढिला होतो, आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. गंमत अशी की ती शिट्टी पोराला नीट ऐकू येत नाही, भोवतालच्यांना येते. मी पहिल्यांदा आईबरोबर गेलो तेव्हा एका चिमुरडीच्या कानातून सारखी सूंऽऽ चालली होती आणि ती आपली शांतपणे पाटीवर पाढे लिहीत होती. आईनं तिचा कान हलकेच दाबून पाहिला, शिट्टी थांबली. सोडला, पुन्हा सुरू. "हिचा मोल्ड बदला," ती बाईंना म्हणाली, जशी काय तिथली डॉक्टरीणच. लहान मुलांना काही महिन्यांनीच नवा मोल्ड लागतो. माप घ्यायला माणूस अमरावतीहून येतो, त्याच्या येण्या-जाण्याचाही खर्च असतो. या खर्चावर कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून तो द्यायला कुणी पुढं येत नाही. त्याच शाळेच्या ओसरीत कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेलं थंड पाण्याचं मशीन आहे. मशीन बंद पडलंय, नाव अजून चकचकीत आहे.

नावावरून आठवलं. वझ्झरला आपल्या शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे ना, त्याला नाव अंबादासपंत वैद्य यांचं. ज्यांना मानलं त्यांचं नाव पाटीवर. बाबांनी स्वतःचं नाव दिलं ते पोरांना. स्टेशनवर, कचऱ्यात, रस्त्याच्या कडेला टाकलेली मूकबधिर, अंध, मतिमंद अशी १२३ लेकरं बाप म्हणून त्यांचं नाव लावतात. २०२४ ला पद्मश्री मिळाली, तरी त्यांचं एक मागणं जुनंच आहे: अठरा वर्षं झाली म्हणून अशा पोरांना बालगृहाबाहेर काढू नका. कायद्यानं बालगृह अठरापर्यंत, पुढं एकविसापर्यंत, फार तर तेविसापर्यंत थोडा आधार. धडधाकट पोर बाहेर पडून रसवंतीवर तरी राबेल. ज्याला ऐकू येत नाही आणि मागं कुणीच नाही, ते कुठं जाईल? मामाच्या मागं तुझी आई होती. ती नसती तर, एवढाच विचार करून बघ.

तू शाळेतल्या पोरांसोबत वाढदिवसाचा केक कापायचा, फोटो काढायचे म्हणतोस, त्याबद्दल. निराधार पोरांची ओळख उघड होईल असं काही छापणं, दाखवणं, पसरवणं बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मनाई आहे. तेव्हा स्टेटसला फोटो नाही. आणि कायदा नसता तरी नको. वाढदिवस आपल्या पोराचा आणि ओळीनं बसून टाळ्या त्यांनी वाजवायच्या, हे मला कधी पटलं नाही. दिवाळीत एखादं पोर घरी आणू, असं सूनबाईंच्या मनात आलं; मन चांगलं आहे, पण बालकल्याण समितीच्या परवानगीशिवाय कुणी तसं देत नाही आणि देऊही नये. चार दिवसांचा लाड करून परत सोडायचं म्हणजे त्या पोरानं पाचव्या दिवशी काय करायचं?

मी ठरवलं ते असं. आईच्या नावानं दर जूनला शाळा उघडायच्या आत बॅटऱ्या आणि मोल्डचे पैसे. संत्र्याच्या बगीच्याचे पैसे हाती आले की पहिले हे काढून ठेवायचे. कपाशीवर भरवसा नाही, म्हणून संत्रा. पावती संस्थेकडून घ्यायची, तुला आयकरात उपयोगी पडली तर ठीक. पितृपक्षात काही नाही.

आणखी एक खर्च झाला आहे, तो सांगून टाकतो. आपल्या सालदाराची नात दोन वर्षांची झाली, हाकेला वळत नव्हती. घरचे म्हणत होते, उशिरा बोलेल, तिचा बापही उशिरा बोलला. मी ऐकलं नाही, गाडीत घालून अमरावतीला नेली. बेरा म्हणून तपासणी असते. पोर झोपलं की डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत जातो का बघतात. ती पोट्टी झोपेचना! तिच्या आजीनं दोन तास मांडीवर थोपटली तेव्हा कुठं काम झालं. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं असं निघालं. यंत्र लावलंय, कानात बसवायच्या इम्प्लांटचे कागद सुरू केलेत. त्याच्या सरकारी मदतीला पोर पाच वर्षांच्या आत लागतं, म्हणून घाई. हा खर्चही मी आईच्याच खात्यात धरला आहे, मामाच्या वेळी जे कुणी केलं नाही ते म्हणून. तुझी हरकत नसावी.

तू वर्षाला ये, सूनबाईंना आणि नातीला घेऊन. विधी घरातल्या घरात होईल, मग सगळे शाळेत जाऊ, वडे-खीर न घेता. येताना पुण्याहून ६७५ नंबरच्या बॅटऱ्यांची पाकिटं आण, निळ्या कागदाची. वरची तारीख पाहून घे, मागच्या वेळी एका दुकानदारानं जुनी खपवली. नातीला मोबाईलवरच्या चार-दोन खुणा आधी शिकवून ठेव, पोरं लगेच बोलायला लागतात, तिला उत्तर देता आलं पाहिजे.

आत्याला मी समजावीन म्हणतो, पण माझं ती ऐकत नाही. तू फोन कर आणि रोडगे कधी करतेस एवढंच विचार. निम्मा राग तिथंच उतरतो.

तुझा,
बाबा