जाहिरात पाचव्या पानावर, योग पहिल्या पानावर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२१ जूनच्या तुमच्या अंकात पहिल्या पानावर योग दिनाची बातमी आणि शाळेच्या पोरांचा ताडासनाचा फोटो छान होता. त्याच अंकाच्या पाचव्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात चौकट होती : ‘मधुमेह मुळासकट बरा. ९० दिवसांत गोळ्या बंद.’ खाली मोबाइल नंबर. कंपनीचं नाव वेगळं असलं तरी असल्याच एका चौकटीवरून दोन वर्षांपूर्वी मी फोन केला होता, म्हणून हे पत्र.

मी एस.टी.चा निवृत्त चालक. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं. त्यातली शेवटची बारा वर्षं साखर आणि बीपी सोबत घेऊन. मुक्कामी गाडीवर रात्री अकराला ढाब्यावरची शेवभाजी, पहाटे पाचला चहा, मग पुन्हा सीट. तीन गोळ्या चालू होत्या आणि त्यांचा मला मनापासून कंटाळा आला होता.

फोन केल्यावर माणूस घरी आला. ‘काका, आयुर्वेदाचा साइड इफेक्ट नसतो,’ म्हणाला. चार हजार आठशे रुपयांचे तीन डबे देऊन गेला. डब्यावर घटकांची नावं नाहीत, परवाना क्रमांक नाही. आमच्या घरातून तेव्हाच आवाज आला होता, ‘पोटमा काय जाई ऱ्हायनं ते तरी दखा!’ (पोटात काय जातंय ते तरी बघा!) मी दखलं नाही. गोळ्या बंद केल्या.

तो महिना होता एप्रिलचा शेवट. आता खान्देशातल्या मे महिन्यात तहान लागते म्हणून कोण डॉक्टरकडे जातो? पारा ४४ वर, सगळं गाव माठाला चिकटलेलं. मी दिवसाला दोन कळश्या पाणी पीत होतो ते उन्हावर घातलं. रात्री चारचारदा उठायचो, ते पाण्यावर घातलं. सहा किलो वजन उतरलं. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, चरबी झडतेय. मी खूश. जूनमध्ये गच्चीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी गेलो, पायाला फोड आला, तो मला कळलाच नाही. कळलं ते वास आल्यावर. दवाखान्यात साखर निघाली ४३८. अकरा दिवस भरती होतो. डाव्या पायाचं एक बोट गेलं.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हातारा आयुर्वेदावर चिडला. तसं नाही, आणि खरं सांगायचं ते पुढेच आहे.

बरा झाल्यावर मी गावातल्या पदवीधर वैद्यांकडे गेलो. त्यांनी आधी रक्ताचे रिपोर्ट मागितले, गोळ्यांना हात लावू नका म्हणाले, आणि ग्रंथात प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाची, कारणं कोणती दिलीत ते वाचून दाखवलं : बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. पहिलंच कारण ऐकून हसू आलं. ही तर आमच्या ड्युटीचीच नोंद. दुपारची झोप बंद केली, रात्रीचं जेवण आठच्या आत, भाकरी दोनाची एक. केळीच्या पट्ट्यात राहून केळं सोडणं काय असतं ते आमच्याकडच्यांनाच कळेल. पहाटे योगवर्गाला जातो. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी बीपी मोजलं आणि जोरजोरात कपालभाती करायला सरळ मनाई केली. पवनमुक्तासन, भुजंगासन, सावकाश श्वास आणि शवासन. बस.

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी असते ना, ती दर तिमाहीला करतो. ९.८ वरून वर्षभरात ६.९ वर आली. मग तीन गोळ्यांच्या दोन झाल्या. त्या डॉक्टरांनी केल्या, कागद बघून. मी नाही, आणि फोनवरच्या माणसाने तर नाहीच. आमच्याकडे एस.टी.त एअरचा, म्हणजे ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम होता. काटा बघितल्याशिवाय ब्रेकवर भरवसा न ठेवणारा मी, स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत मात्र काटा न बघताच निघालो.

आणि मोजण्याची ही गोष्ट योगाला परकी नाही. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे आमच्या अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. उड्डियान, नौली या पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं ते क्ष-किरण लावून तपासलं आणि ‘योगमीमांसा’ या आपल्या नियतकालिकात छापलं. शंभर वर्षं झाली. ते जिथे प्राचार्य होते त्या गावात आज ‘मुळासकट बरा’ विकलं जातं.

महोदय, आता तुमच्याकडे येतो. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरातच करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. जाहिरात देणाऱ्याला कायदा लागू आहेच. पण छापणाऱ्यालाही तो लागतो. ‘जाहिरातीतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ मी भिंग लावून वाचली. ती माझ्या बोटाच्या उपयोगाची नाही. तुमचा जाहिरात विभाग पुढच्या वेळी असली चौकट घेण्याआधी निदान परवाना क्रमांक तरी मागेल का, एवढं या सदरातच कळवावं.

कात्रण सोबत जोडलं आहे. तिसरा डबा अर्धा भरलेला घरात आहे. अन्न व औषध प्रशासनातलं कोणी तपासणार असेल तर मी स्वतः एस.टी.ने आणून देईन.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक, अमळनेर