आप्पांना नाशिकला आणायचं ठरवलंय

ती. आई-आप्पांना सा. न.

आई, आधी मुद्द्याचं लिहिते. येत्या रविवारी सकाळी मी आणि हे गाडी घेऊन येतोय, तुम्हा दोघांना नाशिकला न्यायला. फोनवर बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "बघू, कापूस निघू दे." म्हणून पत्र लिहितेय. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतलीय, पैसेही भरून झालेत. एवढं वाचून लगेच फोन करू नकोस. आप्पांजवळ बस, टीव्ही बंद कर आणि पुढचं त्यांना हळूहळू वाचून दाखव. थोडं वाचायचं, थांबायचं, मग पुढं.

आप्पा, हे तुमच्यासाठी. तुमची बुद्धी जागेवर आहे. माणसं ओळखता, हिशेब कळतो, कोण मनापासून भेटायला आलं आणि कोण नुसतं बघायला, तेही कळतं. अडकलंय ते बोलणं. उजव्या हातानं कामं करणाऱ्या बहुतेक सगळ्यांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो. म्हणून नवरात्रात तिथं रक्ताची गुठळी अडकली तेव्हा तुमचा हात आणि तुमचे शब्द एकदमच गेले. डाव्या कपाळाच्या बाजूला आत शब्द जुळवून तोंडापर्यंत आणणारा भाग असतो, आणि कानाच्या वर जरा मागं ऐकलेल्याचा अर्थ लावणारा. तुमच्या पुढच्या भागाला जास्त मार बसलाय, मागचा बराच वाचलाय. म्हणून आमचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतं, पण तुमचं आमच्यापर्यंत येत नाही. याला अफेझिया म्हणतात. वेड नाही, विसरभोळेपणा नाही आणि हट्ट तर मुळीच नाही.

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडं एक रुग्ण आला होता. त्याला 'टॅन' एवढंच बोलता यायचं. काहीही विचारा, टॅन टॅन. पण विचारलेलं बरंचसं त्याला समजायचं. तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली, आणि आजही तो भाग ब्रोकाच्या नावानं ओळखतात. बोलण्याची थेरपी देणाऱ्या मॅडमनी हे सांगितलं आणि मला तुमचं 'बरं बरं' आठवलं. त्या माणसाच्या काळी अशी थेरपीच नव्हती, आप्पा. आज आहे.

आई, त्या 'बरं बरं'वरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. परवा कुणी ओट्यावर बसून गावाजवळच्या वावराचं विचारून गेलं आणि आप्पा हो म्हणाले असं गावात झालं. ते हो नव्हतं. अशा आजारात तोंडातून हो येतं आणि मनात नाही असतं, किंवा उलट. आप्पांचा होकार शब्दावरून धरायचा नाही. डाव्या हाताचा अंगठा वर की खाली ते बघायचं, मग तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा. आणि कागदावर कुणी अंगठा मागितला तर सरळ सांगायचं, बेबी आल्यावर बघू.

आता नाशिकच का, ते. आप्पा, पांझरा नदीच्या पाटावर तुमची हयात गेली. पाट फुटला म्हणून फडातलं पीक कुणी कोरडं ठेवतं का? शेजारच्या चारीनं पाणी फिरवता. वेळ लागतो, पण ओल पोचते. मेंदू तेच करतो. इजेच्या काठावरचा शाबूत भाग गेलेलं काम हळूहळू उचलतो, थोडं उजवी बाजू उचलते. पण आपोआप होतं ते थोडंच, बाकीचं वापरावर. सुधारणा सगळ्यात वेगानं होते ती पहिल्या तीनेक महिन्यांत. पुढंही होत राहते, अगदी वर्षांनंतरही होते, फक्त सावकाश. जगभरच्या थेरपीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2022 मध्ये आला. त्यात भाषेत सगळ्यात जास्त फरक पडला तो ज्यांना एकूण 20 ते 50 तास थेरपी मिळाली त्यांना, आणि तीही आठवड्यातून बऱ्याच दिवसांत विभागून. गावातून येऊन-जाऊन आपल्याला आठवड्यातून एकदा जमतंय, त्यात आप्पा खुर्चीत बसेपर्यंतच थकलेले असतात. इथं मॅडम घरापासून दहा मिनिटांवर आहेत. कापूस नाना काढून घेतील, गायीचंही तेच बघणार आहेत. मी त्यांच्याशी बोललेय. तुम्हाला न विचारता बोलले, पण कापूस थांबेल, हे दिवस थांबणार नाहीत.

आई, तू म्हणाली होतीस ना, पाणी मागता येत नाही आणि आरतीचे शब्द मात्र एकेक खणखणीत निघतात, हे कसलं सोंग? सोंग नाही गं. पाठ असलेलं, चालीत बसलेलं बोलणं मेंदूत जरा वेगळ्या वाटेनं येतं, आणि चालीचं बरंचसं काम मेंदूच्या उजव्या बाजूला चालतं. ती बाजू आप्पांची धडधाकट आहे. 1973 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरूनच एक पद्धत मांडली: रोजचं वाक्य चालीत म्हणायचं, सोबत डाव्या हातानं ठेका धरायचा, आणि मग हळूहळू चाल काढून टाकायची. दिवाळीत आले होते तेव्हा बघितलं, आरतीला आप्पांचं डावं बोट मांडीवर ठेका धरत होतं. कुणी शिकवलं नव्हतं. तिथूनच सुरू करायचं.

वाक्यं अहिराणीच घ्यायची, हे मी मॅडमना आधीच सांगितलंय. "माले पानी दे" आधी, शुद्ध मराठी नंतर बघू. त्यांना अहिराणी येत नाही, म्हणून मी रोज सोबत बसणार आहे.

आप्पा, शाळेत सोडताना सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचात. बारा सत्ते मला अडायचं आणि तुम्ही सायकल हळू करायचात, पण उत्तर सांगायचा नाहीत. आता आपण दोघं पाढे म्हणू. तुम्ही अडलात तर मीही सांगणार नाही, थांबेन. आई, तूसुद्धा थांबायचं. त्यांच्या तोंडचा शब्द तू पुरा करतेस तो मायेनं, ते मला माहीत आहे, पण मनात दहा आकडे मोजत जा आणि मगच बोल. मोठ्यानं ओरडू नकोस, कान चांगले आहेत. एका वेळी एकानंच बोलायचं. आणि त्यांना रडू आलं तर "रडू नका" म्हणू नकोस, नुसतं जवळ बस.

इथं तुमची आबाळ होणार नाही. संडास कमोडचा आहे, बाजूला धरायला दांडा लावून घेतलाय. सकाळी खिडकीत ऊन येतं. कळण्याचं पीठ मिळतं, भरिताची वांगी मिळतात, तिखट मी तुझ्या हातानंच टाकायला ठेवीन. शेजारच्या आजी पारोळ्याकडच्या आहेत, तुला अहिराणीत बोलायला माणूस आहे. आणि अखजीच्या सणाआधी तुम्हाला घरी आणून सोडणार. दर अखजीला तुम्ही मला न्यायला मुराळी धाडायचात, यंदा मीच तुमची मुराळी.

रविवारपर्यंत एवढं कर. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, बरं वाटतंय म्हणूनसुद्धा नाही. बिबडे, पापड, लोणचं बंद. तोंड वाकडं झालं, हात आणखी गळाला किंवा बोलणं एकदम बिघडलं तर नानांची वाट न बघता 108 ला फोन लाव आणि किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेव. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तिथं डॉक्टर वेळ विचारतात.

बरोबर स्कॅनच्या फिल्मा, गोळ्यांचा कागद, आप्पांचा चष्मा आणि छोटा रेडिओ घे. वावराचे, बैलांचे, नातवंडांचे फोटो भिंतीवरून काढून ठेव, बोट दाखवायला लागतील. गादी आणू नकोस, इथं आहे. आप्पांना पुढच्या सीटवर बसवू, त्यांचा डावा हात दरवाज्याच्या वरच्या दांडीला पोचतो. भाकरी बांधत बसू नकोस, सटाण्याला थांबून जेवू.

तुमची,
बेबी