एकटीपुरता स्वयंपाक

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

सोमवार ते रविवार काय खायचं त्याचा तक्ता करून पाठव, असं तू म्हणालीस. करायला बसलो, पण बुधवारच्या रकान्यापाशी अडलो. बुधवारी तू किती वाजता घरी येशील, किती दमलेली असशील, ऐनवेळी कुणी जेवायला बोलावेल का, हे मला इथे बसून कसं कळणार? भरल्या घरात एक जण जेवला नाही तरी पातेलं रिकामं होतं. एकटीचं एक जेवण चुकलं की अख्खंच्या अख्खं उरतं, आणि पुढचा सगळा तक्ता कोलमडतो. तेव्हा सात रात्रींचं ठरवूच नकोस. पाचांचं ठरव. दोन मोकळ्या सोड, उरलंसुरलं संपवायला.

चौरस आहाराचा अंदाज ताटावरून घेता येतो. साधारण अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, पाव ताटात धान्य, उरलेल्या पावात डाळ, कडधान्य, अंडी किंवा मासे. प्रत्येक ताट तसंच दिसायला हवं असं नाही. दुपारी भाजी कमी पडली तर रात्री जास्त घे, झालं.

आता पिशवीचं बोलू. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या आणि फळं सांगते. आठवड्याचे झाले 2 किलो 800 ग्रॅम, आणि बटाटा त्यात धरत नाहीत. (तू धरणार, म्हणून मुद्दाम लिहितोय.) आठवड्याच्या खरेदीत तेवढं वजन आलंच नाही, तर ताटात कुठून येणार? माझ्या मते बेत आधी बाजारातच जमतो किंवा फसतो, स्वयंपाकघरात नंतर.

प्रथिनांचा धसका घेऊ नकोस. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम पुरतात. तुझं वजन 55 धरलं तर 44 ग्रॅम. 200 ग्रॅम कोरडं धान्य दिवसभरात पोटात गेलं की त्यातूनच 16 ते 20 मिळतात. 50 ग्रॅम कच्ची डाळ 11-12 देते, कपभर दूध 8, एक अंडं 6. बेरीज तूच कर. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असतं आणि मेथिओनिन डाळीत कमी असतं, दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. पालेभाज्या आणि डाळींतलं लोह मात्र सहजासहजी अंगी लागत नाही. त्यावर लिंबू पिळ, आणि चहा-कॉफी जेवणाला लागून घेऊ नकोस, तासाभराने घे.

भाज्या घेताना कोणती कधी खराब होणार, त्या क्रमाने घे. पालेभाजी आणली की पहिल्या दोन दिवसांत संपव. मग टोमॅटो, काकडी, शेंगा. गाजर, कोबी, भोपळा आठवड्याच्या शेवटाला. फ्रोजन मटार फ्रीझरमध्ये कायम असू दे. ते तोडल्यावर लवकरच गोठवलेले असतात, त्यामुळे पोषणात ताज्यापेक्षा मागे नसतात. भोपळा जपून घे, बारकासा मिळाला तरच.

कोबीचं जरा सविस्तर सांगतो, कारण एकट्या माणसाला सगळ्यात जड जातो तो कोबीचा गड्डा. लोक तो मधोमध कापतात, अर्धा वापरतात, आणि उरलेल्या अर्ध्याची कापलेली बाजू सुकून काळपट पडते. तू कापूच नकोस. देठाकडून बाहेरचं पान सुरीच्या टोकाने मोकळं कर आणि अख्खं सोलून काढ. लागतील तेवढी चार-पाच पानं काढ, गड्डा परत फ्रीजमध्ये टाक. आतला कोबी पुढच्या आठवड्यातही करकरीत राहतो.

सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तास दे, पण पाच तयार पदार्थ करून डबे रचून ठेवू नकोस. तिसऱ्या दिवशी तो डबा उघडवत नाही, माझ्याने तर उघडवत नाहीच. त्यापेक्षा सुटे जिन्नस तयार ठेव. एक कडधान्य फक्त मिठात शिजवलेलं, थोडी अंडी उकडलेली, भाज्या धुऊन, कोरड्या करून, चिरून. मसाला त्या त्या दिवशी घाल. तेच शिजलेलं कडधान्य, समजा हरभरा, आज भातासोबत रसदार होतं, उद्या टोमॅटो घालून सूप होतं, परवा कांदा-काकडी-लिंबू लावून नुसतंच खाता येतं. एकच गोष्ट तीन वेगळ्या चवींनी खाल्ली की कंटाळा येत नाही.

राजमा करणार असशील तर एक नियम मोडू नकोस. निदान पाच तास भिजव, भिजवलेलं पाणी टाकून दे, आणि नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळ उकळू दे, मग मऊ होईपर्यंत शिजव. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते मंद आचेवर नुसतं कोमट राहिलं तर नष्ट होत नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा जास्त त्रास देतो. उलट्यांनी माणूस हैराण होतो.

भाताचंही तसंच आहे. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, शिजवूनही ते मरत नाहीत. भात बाहेर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, मग पुन्हा कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. म्हणून रात्रीचा भात ओट्यावर ठेवून झोपायचं नाही. उथळ डब्यात पसरून लवकर निवव आणि फ्रीजमध्ये टाक. भात दुसऱ्या दिवशी संपव. बाकी शिजवलेलं शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, आणि तिथे तीन-चार दिवस ठीक. फ्रीज 5 अंशांच्या खाली आहे ना ते एकदा बघ. त्यापुढचे वाटे फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना, एकेका जेवणापुरते, डब्यावर तारीख घालून. तारीख घातलीच पाहिजे. गोठलेले सगळे डबे सारखेच दिसतात. गरम करताना लागेल तेवढंच काढ आणि आतपर्यंत वाफा येईतो तापव.

चौघांची कृती एकटीपुरती करताना सगळंच चारने भागू नकोस. पातेलं मोठं आणि आत जिन्नस थोडं असलं की पाणी भराभर आटतं, तेव्हा पातेलं लहान घे आणि पाणी चौथ्या हिश्श्यापेक्षा जरा जास्त. मीठ-तिखट आधी कमी घाल, चाखून वाढव. मीठ तसंही दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आतच हवं, म्हणजे चहाच्या चमच्याएवढं. बाहेरच्या पाकिटांतलंही त्यातच धरायचं.

बेतापेक्षाही महत्त्वाचं वाटतं ते अगदीच त्राण नसलेल्या रात्रीचं जेवण. ते एकच असावं आणि डोळे मिटून करता यावं. माझं ठरलेलं आहे: भात लावायचा, शिजत आला की मूठभर मटार वर टाकायचे, शेवटी दोन अंडी फोडून ढवळायचं, मिरपूड, लिंबू. वीस मिनिटांत ताट तयार. तू तुझं ठरव आणि त्याचं सामान घरातून कधी संपू देऊ नकोस, बाकी यादीत काही राहून गेलं तरी चालेल. त्या रात्री हे नसलं की माणूस बिस्किटांवर निजतो.

बाजारात जाण्याआधी फ्रीज उघडून आधीचं काय उरलंय ते लिही, मग यादी कर. पहिल्या आठवड्यात जे टाकून द्यावं लागेल तेही लिहून ठेव, पुढच्या खेपेला तेवढं कमी घे. घरात वजनकाटा आहे का? नसला तर कळव, आमच्याकडचा लहान पाठवतो.

तुझा,
बाबा