झाडांचा रकाना कोरा, सही मात्र हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात परळ येथे आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत, संगमेश्वर तालुक्यातील आमच्या सामाईक जमिनीच्या अकरा हिस्सेदारांपैकी आठ जणांनी एका संमतीपत्रावर सह्या केल्या. जमीन वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे. तिच्यावर कधीकाळी नाचणी-वरी होत असे. आता तिथे ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, बेहडा असे आपोआप वाढलेले दाट रान आहे. हे रान तोडण्याची परवानगी मागणारा अर्ज आमच्या नावाने जाणार असला, तरी तो तयार केला आहे लाकडाच्या ठेकेदाराने. सर्व हिस्सेदारांची संमती जोडावी लागते, म्हणून त्याचा माणूस मुंबईला येऊन परळ, डोंबिवली, नालासोपारा असा फिरत होता. मुद्रांकावर टंकलेल्या मजकुरात गट क्रमांक, क्षेत्र आणि आमची नावे अगदी बिनचूक होती (माझ्या चुलत्यांचे सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे चुकलेले नाव तिथे मात्र दुरुस्त होऊन आले होते), परंतु झाडांचा प्रकार आणि झाडांची संख्या हे दोन्ही रकाने कोरे होते. त्याबद्दल विचारल्यावर, ‘साहेब पाहणीला आले की ते भरतात,’ असे उत्तर मिळाले.

माझी तक्रार या कोऱ्या रकान्यांबद्दल आहे. खासगी जमिनीवरील झाड तोडण्यासाठी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती अनुसूचीतील सोळा प्रकारच्या झाडांसाठी. साग, खैर, चंदन, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळ ही नावे त्या यादीत आहेत. बेहडा, उंबर, सातवीण, काटेसावर ही नाहीत. ही यादी करताना कोणते लाकूड विकले जाते आणि कोणते फळ खाल्ले जाते एवढाच विचार झालेला दिसतो. पण धनेश पक्ष्याला घरटे करण्यासाठी ढोली असलेले जुने, उंच झाड लागते. मादी त्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिलू मोठे होईपर्यंत नराने आणून दिलेल्या उंबरा-वडाच्या फळांवर अवलंबून असते. आमच्या रानातला एक जुना बेहडा असाच ढोलीचा आहे. कायद्याच्या यादीत त्याचे नाव नाही आणि ठेकेदाराच्या दृष्टीने तो भट्टीचे जळण आहे. शिवाय धनेशाची वीण आणि लाकूडतोडीचा हंगाम दोन्ही पावसाआधीच्या त्याच महिन्यांत येतात.

या तुलनेत आम्ही राहतो त्या मुंबईतला नियम पाहावा. महापालिकेच्या 2018 च्या वृक्षगणनेप्रमाणे शहरात 29,75,283 झाडे आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खासगी आवारांत उभी आहेत. तरीही 1975 च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या कायद्यानुसार, सोसायटीच्या आवारातले झाड तोडायचे झाले तर त्या झाडावर नोटीस चिकटवावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, हरकती घ्याव्या लागतात आणि परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड ‘वारसा वृक्ष’ मानले जाते. एवढे सगळे असूनही ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडे तोडताना काय झाले ते मुंबईकरांना सांगायला नको, पण निदान ते सर्वांना कळले आणि न्यायालयापर्यंत गेले. आमच्या गावच्या साठ-सत्तर वर्षांच्या ऐनावर कोणी कधी नोटीस लावल्याचे मी पाहिलेले नाही. तो तुटला हे आम्हाला गणपतीला गेल्यावर समजते.

सह्या करणाऱ्या माझ्या आठ भावंडांना मी दोष देत नाही. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरायचे आहेत आणि वर्षानुवर्षे एक पैसाही न देणाऱ्या जमिनीचे एकदा काहीतरी हाती येते आहे. झाड तोडणे हे आम्हा कोकणी माणसांना पाप वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. आजोबा दरवर्षी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला ऐना-किंजळाची कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडत, पण बुंधा राखत, आणि एकदा तोडलेल्या झाडाला पुढच्या वर्षी हात लावत नसत. आता यांत्रिक करवतीने बुडापासून सरसकट तोड होते, उताराला रस्ता करण्यासाठी जेसीबी येतो, आणि नंतर फुटवे वाढू दिले तर दहा-पंधरा वर्षांनी तोच ठेकेदार पुन्हा येतो. नाही तर काजूची कलमे लागतात. काजूला माझा विरोध नाही, पण काजूच्या बागेला रान म्हणता येणार नाही.

शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये बेकायदा तोडीचा दंड एक हजारावरून पन्नास हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सगळी चर्चा दंडाच्या आकड्याभोवतीच फिरली. परवानगी असलेल्या तोडीत नेमके काय तोडले जाते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये वृक्षतोडीला मनाई केली. आमच्याकडे तशी मनाई नाही आणि ती यावी अशी माझी मागणीही नाही. आमच्याकडे राखण करणारा एकच कागद आहे, तो म्हणजे हा अर्ज. म्हणून झाडांची मोजणी आधी व्हावी, यादीत असोत वा नसोत, सर्व मोठ्या झाडांवर रंगाने क्रमांक पडावेत, ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि प्रत्येक हिस्सेदाराच्या मोबाइलवर पाठवली जावी, व त्यानंतरच संमतीपत्र पुढे यावे. गावात न राहणाऱ्या मालकाची सही घेताना तरी हे बंधनकारक करायला हरकत नसावी.

आम्ही सही न केलेल्या तिघांनी ठेकेदाराला कळवले आहे की रकाने भरून आणा, बेहडा आणि ओहोळाच्या कडेची झाडे वगळा, मग बसून बोलू. त्यावर अजून उत्तर आलेले नाही. मात्र उरलेल्या आठ जणांच्या हिश्शापुरता वेगळा अर्ज करता येईल का, याची चौकशी सुरू झाल्याचे ऐकतो. जमिनीची वाटणी झालेली नसताना आठ जणांची झाडे कोणती आणि तिघांची कोणती, हे पाहणीला येणारे अधिकारी कसे ठरवणार, याचा खुलासा वनविभागाने आपल्या वृत्तपत्रातून करावा, ही विनंती.

आपला,
एक हिस्सेदार चाकरमानी,
परळ, मुंबई