वेठ मोडली ती पाड्यावरच्या माणसांनी

मा. संपादक,

२ डिसेंबरच्या गुलामी निर्मूलन दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. विल्बरफोर्स, लिंकन, ब्रिटनचा १८३३ चा गुलामीबंदीचा कायदा, गुलामी संपवणारी १८६५ ची अमेरिकेतली घटनादुरुस्ती हे सगळे त्यात आहे. १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता आणि भरपाईचे २ कोटी पौंड गुलामांना नव्हे, मालकांना मिळाले, हे मात्र राहून गेले. आणि लेख अमेरिकेतच संपला, याचे फार वाईट वाटले.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत, १९४५ पर्यंत माणसे उघड उघड वेठीला धरली जात. जमीनदाराचा माणूस पाड्यावर हाक देऊन गेला की वारली आदिवासीने आपले शेत तसेच टाकून त्याच्या शेतात नांगर धरायचा. मजुरी नाही, नाही म्हटले तर मार. लग्नगड्याचे हाल त्याहून वाईट. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा जन्माचा सावकाराकडे बांधला गेला, आणि ज्या बायकोसाठी कर्ज काढले तीही त्याच घरी राबायला लागली.

ही वेठ सरकारने मोडली नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे इथले काही वारली जाऊन आले. मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हजारो जमले आणि वेठ बंद असे ठरले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर पाठीशी होते, हे खरेच. पण सभेतून घरी गेल्यावर, मालकाचा माणूस दारात आला की ‘येत नाही’ हे ज्याचे त्यालाच म्हणायचे होते. पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्या माणसांनी ते म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. शाळेच्या पुस्तकात मी ही नावे मुलांना कधी दाखवू शकले नाही, तोंडीच सांगत आले.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला १९७६ मध्ये. तो चांगला आहे. बिगारीचे कर्ज त्याने रद्दच केले, बिगारी करून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगून ठेवले आहे.

आता वीटभट्टीवरच्या एका वहीबद्दल लिहिते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई, कातकरी, ती वही वाचून घ्यायला माझ्याकडे आली होती. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेला बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, पहिल्या ओळीत. खाली दर आठवड्याची खर्ची, मग ‘दवाखाना’, ‘होळी’, परत ‘दवाखाना’. नवरा-बायकोच्या जोडीने सहा महिने विटा पाडल्या होत्या, पण हजार विटांमागे दर किती, हे वहीत कुठेच नव्हते. शेवटच्या पानावर बाकी निघत होती ती त्यांच्याच नावावर, म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच भट्टी. मुलगी अर्थातच सोबत. तिचे नाव माझ्या हजेरीपटावर राहिले, ती परत वर्गात बसली नाही. याला मी वेठच म्हणते.

कायद्याप्रमाणे जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला वेठबिगारीवर लक्ष ठेवणारी दक्षता समिती असायला हवी. आमच्याकडे तिच्यावर कोण आहे, असे मी एका सरकारी कार्यालयात विचारले, तेव्हा सांगणारे कोणी भेटले नाही. माझी विनंती एवढीच, की आपल्या वार्ताहरांनी ठाणे, पालघर आणि रायगडमधल्या या समित्यांच्या सदस्यांची नावे आणि शेवटच्या बैठकीची तारीख मिळवून छापावी. भट्ट्या सुरू झाल्या आहेत. हिशेब मे अखेरीस होतील, त्याआधी हे छापून आले तर वही घेऊन कोणाकडे जायचे ते लोकांना सांगता येईल.

– एक निवृत्त शिक्षिका, विक्रमगड (जि. पालघर)