परीक्षा कोणती? कादंबरी!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत होतकरू लेखकांना सल्ला देणारा लेख वाचला. दार लावून घ्या, फोन बंद ठेवा, ‘नाही’ म्हणायला शिका, बाकीचे छंद बाजूला सारा आणि रोज हजार शब्द लिहा, असं एकूण सांगणं. लेख चांगला आहे, लिहिणारे अनुभवी दिसतात. पण पाहुणे आले की ज्यांच्या घरी चहा दुसरं कोणीतरी टाकतं अशा गृहस्थांनी तो लिहिलाय, असं मला पहिल्या परिच्छेदापासून वाटत होतं.

मी ५९ वर्षांची, नागपूरच्या प्रतापनगरात राहते. शाळेच्या ऑफिसात ३१ वर्षं नोकरी करून दीड वर्षापूर्वी सुटले. चाळीस वर्षं क्रोशा विणते आहे आणि चार वर्षांपासून एक कादंबरी लिहिते आहे. माणसांचं म्हणाल तर एक भिशी, एक भजनी मंडळ, अंबाझरीच्या बागेत सकाळी फिरणाऱ्या बायका, आणि सासर-माहेर मिळून सत्तावीस घरं. यातलं काहीही सोडायची माझी इच्छा नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं पत्र रडगाणं वाटायचं नाही.

दाराचं आधी. दुपारी मी खोलीचं दार लावलं की शेजारच्या वहिनी खिडकीतून विचारतात, “काऊन, बरं नाही का?” लिहिते आहे म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि त्या आत येऊन बसतात.

आता ते रोज हजार शब्द. माझं लिखाण हंगामी आहे, संत्र्यासारखं. संत्र्याला निदान अंबिया आणि मृग असे दोन बहार येतात. मला एकच येतो, तो भर मेमध्ये. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला, पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी बारा ते पाच नागपुरात कोणी कोणाच्या दारची बेल वाजवत नाही. भजनी मंडळाला सुटी, भिशी रात्री आठनंतर. कूलरमध्ये सकाळीच पाणी भरून ठेवायचं. वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या की खोलीभर वास सुटतो, आणि त्या घरघरीत बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नाही. गेल्या मे महिन्यात माझी सहा प्रकरणं झाली. उरलेल्या अकरा महिन्यांत मिळून पाच.

श्रावण लागला की माणसं सुरू होतात. माझं माहेर इतवारीत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी भावाच्या गच्चीवरून मारबतीची, म्हणजे रोगराई-पीडा गावाबाहेर घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक दिसते म्हणून तिथे चाळीसेक माणसं जमतात, आणि तर्री-पोहे माझ्याकडे असतात. गेल्या खेपेला पिवळी मारबत खालून जात होती, लोक ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत होते, तेव्हा मीही ‘माझं सातवं प्रकरण घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडून घेतलं. गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही. मग गणपती, त्यातच महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर बांधायचा फुलोरा. त्या तीन दिवसांत मला माझ्या कादंबरीच्या नायिकेचं नावसुद्धा आठवत नाही. पुढे दिवाळी होईपर्यंत वही कपाटात.

थंडी हा क्रोशाचा मोसम. गच्चीवर उन्हात चटई टाकायची, लोकरीची गुंडी पिशवीत ठेवायची, नाहीतर घरंगळत जिन्यापर्यंत जाते. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी पेल्याखाली ठेवायच्या ५५ चकत्या विणल्या. एकीला ३५ मिनिटं. हिशोब मी नंतर केला, ३२ तास झाले. एवढ्यात एक प्रकरण झालं असतं हे खरं. पण प्रकरण कोणाच्या ओटीत घालता येत नाही.

छंद बाजूला सारा, हे तर अजिबात पटलं नाही. हातात क्रोशा असला की मला कुठेही बसता येतं. बारशाला, दवाखान्याच्या बाकावर, नणंदेच्या घरी गप्पा दीड तास लांबल्या तरी. हात चालू असले की बायका मोकळ्या बोलतात, कारण आपण त्यांच्याकडे टक लावून बघत नसतो. आणि वेळ फुकट घालवते असं कोणी म्हणत नाही, कारण संध्याकाळी दाखवायला काहीतरी असतं. लिहिण्याचं तसं नाही. माझी २१२ पानं झाली आहेत, आणि आमच्या यजमानांच्या मावसबहिणीने परवाच विचारलं, “दिवसभर काय करून राहिल्या मग तुम्ही, रिटायर झाल्यावर?”

शिवाय लिहायचं कसं हे मला क्रोशाने शिकवलं. जाळीचं विणकाम ज्यांनी केलं असेल त्यांना कळेल: एक खांब, दोन साखळ्या, दोन टाके सोडून पुन्हा खांब. खांब घालताना सुईवर दोऱ्याचा वेढा घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढून आणायचा, की सुईवर तीन फासे होतात. ते दोन-दोन करून सोडवायचे. माझी आई सांगायची, मध्येच उठायचं झालं तर ओळ पुरी करून उठू नये, खांब अर्धा ठेवून उठावं, सुईवर दोन फासे तसेच. ओळ संपवून उठलं की परत बसल्यावर वळायच्या तीन साखळ्या घातल्या होत्या की नाही ते कळत नाही, आणि त्या मोजण्यात पंधरा मिनिटं जातात. अर्धा खांब समोर दिसला की हात आपसूक पुढे जातो.

कादंबरीत मी हेच करते. पूर्वी परिच्छेद पुरा करून, पूर्णविराम देऊन उठायचे, आणि दोन दिवसांनी बसलं की समोर कोरं पान. आता बेल वाजली की वाक्य आहे तिथेच सोडते. ‘रखमाने कंदील खाली ठेवला आणि’ एवढ्यावर वही मिटते. पाहुण्यांना चहा देईपर्यंत रखमाने पुढे काय केलं ते मला कळलेलं असतं.

उसवण्याचंही क्रोशाकडूनच शिकले. चूक बारा ओळी खाली असली तरी तिथपर्यंत उसवावंच लागतं, वरून टाके घालून ती झाकली जात नाही. गेल्या दिवाळीनंतर मी ४३ पानं काढून टाकली. लोकरीचं एक बरं असतं. उसवलेल्या लोकरीची आटी करून धुतली, ओली असतानाच खाली वजन बांधून वाळवली, की तिच्या वळ्या जातात आणि ती पुन्हा वापरता येते. या ४३ पानांना काय बांधावं ते अजून सुचलेलं नाही.

‘नाही’ म्हणायलाही मी शिकून पाहिलं. दोन बारशी आणि एका साखरपुड्याला गेले नाही. तिन्ही संध्याकाळी एक ओळ लिहून झाली नाही, तिथे कोण काय नेसून आलं असेल एवढंच डोक्यात. चौथं ‘नाही’ मात्र अजून सलतं. दूरच्या एक मावशी आजारी होत्या, त्यांना भेटायला जायचं होतं. प्रकरण संपत आलं होतं म्हणून ‘पुढच्या रविवारी येते’ असं फोनवर सांगितलं. पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही. आणि ते प्रकरण नंतर त्या ४३ पानांतच गेलं.

माणसं तोडून मी लिहू तरी काय? माझी कादंबरी एम्प्रेस मिलमधल्या एका कामगाराच्या घराची आहे. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. माझे वडील तिथे रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत होते. गिरणी कोणी काढली, यंत्रं कुठून आली हे पुस्तकांत मिळतं. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला घरात आधी पाणी मिळायचं की आधी पोरांच्या तक्रारी, भोंगा झाला की गल्लीत पहिली चूल कोणाची पेटायची, पगाराच्या दिवशी कोपऱ्यावर कोण उभं राहायचं, हे मला भिशीत कळलं, भजनी मंडळात कळलं. तिथल्या एक काकू, वय ८४, एकदा टाळ खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, “आमचे हे मिलमधून आले की भुवयांत, मिशांत कापूस. दारात म्हातारा उभा दिसायचा. आंघोळ केली की पुन्हा तरणा.” हे वाक्य ऐकायला मी दार लावून घरात बसले असते तर कोण आलं असतं सांगायला?

तोटेही आहेत, लपवत नाही. पगाराच्या दिवसाचा असाच एक प्रसंग भिशीतल्या मैत्रिणीने सांगितला होता, तिच्या सासूबाईंचा. मी तो थोडा बदलून एका घरगुती बैठकीत वाचला. तिने ओळखला. पावणेतीन महिने बोलली नाही. शेवटी तिच्या नातीसाठी झबलं-टोपरं विणून घेऊन गेले तेव्हा दार उघडलं. प्रसंग मी काढला नाही, त्या बाईला तेवढं आमच्या गल्लीतून उचलून दुसऱ्या गिरणीच्या चाळीत नेऊन ठेवलं. बरोबर केलं की चूक, हे काही ठरत नाही. आणि ज्या लॅपटॉपवर मी माझ्या वह्या टाइप करते आहे तोसुद्धा भिशीचाच. आम्ही सोळा जणी महिन्याला हजार-हजार टाकतो. चिठ्ठी माझी निघाली तेव्हा १६,००० रुपयांत जुना घेतला. गळसर घ्यायचा सोडून हे काय घेतलं म्हणून दोघी-तिघी हळहळल्या.

आता मुद्द्यावर येते, पत्र त्यासाठीच आहे. मला माणसं कमी नकोत, छंद कमी नको. मेचा महिना सोडून उरलेल्या दिवसांत दुपारी दोन ते पाच बसायला घराबाहेर एक टेबल हवं आहे. नागपुरात अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. मी घराजवळच्या एका अभ्यासिकेत गेले. टेबलामागच्या मुलाने अदबीने विचारलं, “काकू, मुलाचं नाव टाकायचं की मुलीचं?”

“माझंच.”

“कोणत्या परीक्षेची तयारी करून राहिल्या?”

“कादंबरीची.”

त्याने रजिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “तिचा फॉर्म कधी निघते?”

थट्टा नव्हती ती, पोराने खरंच विचारलं होतं. मग त्याने भिंतीवरचा नियम दाखवला: वयोमर्यादा ३५, स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश. आत डबे घेऊन, मान खाली घालून बसलेली मुलं मला दिसली. त्यातली किती दूरच्या गावांहून येऊन इथे खोली करून राहतात! त्यांची खुर्ची मला नको. दुसरीकडे, एका जुन्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी बसले, तर अर्ध्या तासाने सूचना आली की इथे फक्त वाचायचं, लिहायचं नाही. वर्तमानपत्रावर कोणी शब्दकोडं सोडवू नये म्हणून तो नियम केलेला आहे म्हणे. (आपल्याच पेपरातलं कोडं दोन आजोबा पेन्सिलीने सोडवत होते, त्यांना कोणी काही म्हणालं नाही.)

साहित्य ऐकायला आपल्याकडे तोटा नाही. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे. शताब्दीच्या सुमारास, फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आम्ही भिशीतल्या सात जणी गेलो होतो. मंडपात बसून माझा एक मफलरही पुरा झाला. संघाच्या कार्यक्रमांना झाशी राणी चौकात मेट्रोने जाते, हॉल भरलेले असतात. लिहून झालेल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला खुर्च्या मिळतात. ते लिहायला खुर्ची कुठे मिळते, एवढंच विचारते आहे.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून ग्रंथालयांना सरकार अनुदान देतं. दुपारी दोन ते पाच या वेळात बऱ्याच वाचनालयांत पंखा आणि शिपाई दोघेच जागे असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या वेळात एक टेबल लिहिणाऱ्यांसाठी ठेवावं. वयाची अट नको, ‘काय लिहिता’ असा प्रश्न नको. कोणी आत्मचरित्र लिहील, कोणी सोसायटीविरुद्धची तक्रार लिहील. शेजारी लॅपटॉपसाठी एक प्लग असावा, आणि बाहेर व्हरांड्यात दोन खुर्च्या, म्हणजे कोणी भेटायला आलंच तर तिथे बसून बोलता येईल, कारण माझ्याकडे माणसं तिथेही येणार. रीतसर वर्गणी मी भरीन, पाण्याची बाटली घरून आणीन.

शहरातलं एखादं वाचनालय तयार असेल तर आपल्या पेपरातून कळवावं. टेबल जुनं, डागाळलेलं असलं तरी चालेल. त्यावर घालायला टेबलक्लॉथ मी विणून देईन, लांबी-रुंदी तेवढी सांगावी.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

ता. क. नाव छापू नये. भिशीत अजून दोघींना माहीत नाही की त्या तेराव्या प्रकरणात आहेत.